तुबकाल आणि एर्ग शगागा : ॲटलासचे सात दिवस, सहाराचे चार (अनुभव आणि शंकासमाधान)

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच जण मोरोक्कोत अकरा दिवस चालून आलो. पाचही जण सह्याद्रीत वाढलेले, दोघांनी हिमालय पाहिलेला. आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो. तिकडे कुणी चाललं असेल तर भर घाला, माझं चुकलं असेल तिथे टोका.

सुरुवात तुबकालपासून. मर्राकेशहून गाडीने दीड तासावर इमलील गाव आहे, साधारण १७४० मीटरवर. म्हणजे गाडीतून उतरतानाच आपण कळसूबाईच्या (१६४६ मी.) माथ्यापेक्षा उंच असतो. तिथून तुबकालचा माथा ४१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर. जाहिराती सांगतात : पहिल्या दिवशी इमलीलहून ३२०७ मीटरवरच्या रेफ्यूजला (डोंगरातल्या मुक्कामाच्या घराला) मुक्काम, दुसऱ्या पहाटे माथा, रात्री मर्राकेशात जेवण. पायांत दम असला तर हे होतं. पण विरळ हवेत डोकं आणि पोट पायांचं ऐकत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी साडेनऊशे मीटर चढून लगेच चोवीसशे मीटर उतरायचं असतं, आणि वरचा बराच उतार घसाऱ्याचा आहे. कळसूबाई एकदा चढून अडीच वेळा उतरण्यासारखं ते होतं.

आम्ही वळसा घालून गेलो. इमलीलहून तिझी न'तामातर्त (२२७९ मी.) ओलांडून तशद्दिर्त. तिझी म्हणजे खिंड, हा शब्द पहिल्याच दिवशी तोंडात बसतो. मग साडेतीन हजार मीटरच्या आसपासची तिझी न'लिकेम्त, तिच्या पलीकडे मेंढपाळांची दगडी उन्हाळवस्ती. तिला अझीब म्हणतात, आपला धनगरवाडाच. पुढे आमसूझर्त, इफ्नी तळं, आणि ३६६४ मीटरची तिझी न'वानूम्स चढून मागच्या बाजूने रेफ्यूजवर. माथ्याच्या आदल्या दिवसापर्यंत साडेतीन हजारांवर दोनदा जाऊन आम्ही खाली झोपायला उतरलो होतो. सातव्या पहाटे पाचही जण माथ्यावरच्या त्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्यापाशी उभे होतो, आणि एकालाही डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली नव्हती.

माथ्यापेक्षा मला आमसूझर्तच्या अलीकडची दुपार जास्त आठवते. अक्रोडांची झोडपणी चालली होती. माणसं झाडावर चढून लांब काठ्यांनी फांद्या झोडत होती, खाली बायका-पोरं हिरवी फळं वेचून पोत्यात भरत होती. एका आजींनी दगडावर फळ ठेचून आतला ओला अक्रोड माझ्या तळहातावर ठेवला. वरचं पातळ साल काढल्याशिवाय खायचा नाही, तोंड कडू होतं, हे त्यांनी स्वतः सोलून दाखवलं. त्यांची बोटं नखांपासून मनगटापर्यंत काळी होती, हिरव्या टरफलाच्या रसाने. मीही अर्धा तास वेचायला बसलो. पुण्यात उतरलो तेव्हा माझी बोटं अजून तपकिरी होती. दोन दिवसांत माथा गाठून परतणाऱ्याच्या वाटेत हे गावच येत नाही.

वाटाड्याबद्दल. डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलजवळ तंबू टाकून राहिलेल्या दोन परदेशी मुलींची हत्या झाली. तेव्हापासून तुबकालच्या वाटेवर परवानाधारक वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. चौकीवर पासपोर्ट बघतात, वाटाड्याचं कार्ड बघतात. डोंगरातला वाटाड्या ही तिथे वेगळी पात्रता आहे, ऐत बुगमेझ खोऱ्यात ताबांत गावी त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. मर्राकेशचे बाजार दाखवणाऱ्या गाईडचं कार्ड निराळं. पैसे भरण्याआधी "डोंगरात आमच्याबरोबर नक्की कोण चालणार, त्याच्याकडे डोंगराचं कार्ड आहे का" हे लेखी विचारा.

सहाराचं इथे लिहिलं तर फार लांबेल, खाली वेगळ्या प्रतिसादात लिहितो.

ठाणेकरीण

किती छान लिहिलंय! अक्रोडाच्या आजी डोळ्यांसमोर आल्या.

आम्ही चार मैत्रिणी एप्रिलचा विचार करतोय, चौघीही चाळिशीच्या पुढच्या. तिघी शुद्ध शाकाहारी, एक तर अंडंही खात नाही. अकरा दिवस काय खायचं? आणि चौघी बायकाच असलो तर अडचण येते का? हत्येचं वाचून घरच्यांनी लगेच नको म्हटलं आहे.

कातळवाट

खाण्याची काळजी करू नका, फक्त पहिल्या दिवशी आचाऱ्याला स्पष्ट सांगा. तिथे "मांस नको" म्हटलं की मटणाच्या रश्श्यातली भाजी पुढे येऊ शकते, कारण मांसाचा तुकडा काढला की त्यांच्या लेखी ते मांस राहत नाही. म्हणून "रस्साही नको" हे वेगळं सांगायचं. हरीरा सूप नेहमी विचारून घ्या, त्यात पुष्कळदा मांस असतं.

बाकी चंगळ आहे. भाज्यांचं ताजीन : बटाटा, गाजर, झुकिनी, वरून ऑलिव्ह, मातीच्या टोपीदार भांड्यात मंद शिजवलेलं. मसूर असतोच. पांढऱ्या घेवड्याच्या उसळीला लूबिया म्हणतात. सकाळी थंडीत बिसारा मिळाला तर सोडू नका, सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. आमच्यातल्या नाशिककर ताईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, पिठलं. मसेमन म्हणजे घडीच्या पोळीची चौकोनी बहीण, मधाबरोबर खातात. भात मात्र क्वचितच. मेतकूट आणि लोणचं नेलं होतं, लोणच्याची अर्धी बाटली आचाऱ्याने मागून घेतली.

चहा प्रत्येक थांब्यावर : चिनी हिरवी चहापत्ती, मूठभर पुदिना आणि साखरेचे ढेकळासारखे खडे. साखर कमी हवी तर किटलीत पडायच्या आधी सांगायचं.

बायकांच्या प्रश्नाचं उत्तर मी देण्यापेक्षा कुणी बाईने द्यावं.

रानपाखरू

मी देते. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही तिघी गेलो होतो, म्हणजे त्या घटनेनंतर पाचच महिन्यांनी. गावातले लोक आपण होऊन त्याबद्दल बोलत, आणि बोलताना त्यांना फार लागलेलं दिसायचं. त्या आठवड्यात गावोगावची माणसं रस्त्यावर उतरली होती, असं आमच्या वाटाड्याने सांगितलं. डोंगरात आम्हाला एकदाही असुरक्षित वाटलं नाही. मर्राकेशच्या जुन्या शहरात मात्र मागे लागणारे भेटतात. "ला, शुक्रन" म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबायचं नाही.

कपडे : पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. गावात शॉर्ट्स नकोत, पुरुषांनीही. तशद्दिर्तला आम्ही ज्या घरात राहिलो तिथल्या बायकांनी आम्हाला चुलीपाशी नेऊन बसवलं. पाठीला पोर बांधून एक जण भाकऱ्या थापत होती. वाटाडे पुरुष असल्यामुळे त्या खोलीत आलेच नाहीत. त्यामुळे ठाणेकरीण, चौघी बायका असणं ही मला तर जमेचीच बाजू वाटते, आम्हाला जे घर आतून दिसलं ते पुरुषांच्या गटाला दिसत नाही.

शौचालय : रेफ्यूजवर आणि घरांमध्ये आहे, वाटेत आडोसा. कागद तिथे टाकून येऊ नका, पिशवीत परत आणा. इफ्नी तळ्याच्या काठी दगडाआड जे दिसलं ते पाहून वाईट वाटलं.

सोनकी

धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत. आम्ही तेच दोन दिवसांचं पॅकेज घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकट्या तिचा हा प्रकार नाही.

कासाब्लांकाला पहाटे उतरलो, ट्रेनने मर्राकेश, दुसऱ्या सकाळी इमलील, संध्याकाळी रेफ्यूज. माझ्या भावाचं डोकं सिदी शमहरूशच्या पुढेच ठणकायला लागलं. (तिथे पांढरा रंग दिलेला प्रचंड खडक आहे, त्याखाली दर्गा.) रेफ्यूजवर त्याला जेवण गेलं नाही, रात्री दोनदा उलटी. बरोबरच्या माणसाला मी म्हटलं, ह्याला खाली न्यायचं का? तो म्हणाला, सकाळी बरा होईल, सगळ्यांनाच होतं. पहाटे चार वाजता भाऊ हेडटॉर्च लावून उभा राहिला आणि त्याला बुटाची नाडी बांधता येईना. तीन वेळा गाठ मारली, तीनही वेळा सुटली. ते बघून मी ट्रेक थांबवला. शेजारच्या गटातला वाटाडा स्वतःहून पुढे आला, त्याने आपल्या खेचरवाल्याला आमच्याबरोबर दिलं आणि आम्ही टॉर्चच्या उजेडात उतरलो. अरमद गाव येईपर्यंत भाऊ माणसात आला होता, तिथे त्याने चहा मागितला.

आमच्या माणसाकडे डोंगराचं कार्ड नव्हतं हे मागाहून कळलं. चौकीवर दाखवलेलं कार्ड दुसऱ्याच गटाच्या वाटाड्याचं होतं.

वैद्य_सह्याद्री

सोनकी, तुम्ही थांबवलंत ते अगदी योग्य केलंत. बोटांचा ताल बिघडणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही साधी डोकेदुखी नव्हे, मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असू शकते. त्यावर पहिला उपचार खाली उतरणं, लगेच, रात्र असली तरी.

४१०० मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वर न्यायची नाही. आता दोन दिवसांचा कार्यक्रम बघा : पहिली रात्र मर्राकेश, साडेचारशे मीटर. दुसरी रात्र ३२०७. फक्त इमलील-अरमद परिसरात दोन रात्री काढून एखादी खिंड चढून उतरलात तरी पुष्कळ फरक पडतो.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतायत म्हणून इथेच लिहितो. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. आणि गोळी घेतली म्हणून कार्यक्रम दोन दिवसांत कोंबायची मुभा मिळत नाही.

तूलूजकर

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहतो, इथून मर्राकेश जवळ, त्यामुळे चार वेळा जाणं झालं.

ठाणेकरीण, एप्रिलबद्दल सावध करतो. नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत, कधी मेपर्यंतही, तुबकालच्या वरच्या भागात बर्फ असतं. तेव्हा क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे) आणि आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) लागतात. इमलीलमध्ये भाड्याने मिळतात, पण मिळतात म्हणून वापरता येतात असं नाही. पहाटे बर्फ काचेसारखं कडक असतं, तिथे पाय सुटला तर थांबता आलं पाहिजे. ते आधी शिकलेलं हवं. शिवाय उंच खिंडींत बर्फ असलं की खेचरं जात नाहीत, म्हणजे धागाकर्त्यांनी केलेला पूर्ण वळसा एप्रिलमध्ये बहुधा होणार नाही.

डिसेंबर ते मार्च मोकळे असाल तर तुबकाल सोडा आणि जबल सागरोला जा. मुख्य ॲटलास रांगेच्या दक्षिणेला, सहाराच्या बाजूला, सर्वोच्च माथा २७१२ मीटर. काळ्या ज्वालामुखी खडकाचे सुळके, मध्ये बदामाच्या बागा, फेब्रुवारीत फुललेल्या. लिंगाणा-तैलबैला बघितलेल्या माणसाला बाब न'अली पाशी गेल्यावर घरचं वाटेल. ऐत अत्ता टोळ्यांचा हा मुलूख. १९३३ मध्ये बूगाफरच्या डोंगरात त्यांनी फ्रेंच सैन्याला कित्येक आठवडे अडवून धरलं होतं. तिथला वाटाडा मला ती जागा दाखवताना बसला, टोपी काढली आणि दोन मिनिटं काही बोलला नाही. रायगडावर आपण बोलतो तसं तो त्यानंतर एक तास बोलला.

फ्रेंच येत असेल तर उपयोग होतो. पण "अझूल" (नमस्कार) आणि "तानमिर्त" (आभार) हे दोन शब्द फ्रेंचपेक्षा जास्त कामाचे. डोंगरातल्या लोकांची भाषा अरबी नाही, अमाझिघ आहे. २०११ च्या राज्यघटनेने तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. पाट्यांवर गोल-त्रिकोण-रेघांची जी लिपी दिसते ती त्यांची, तिफिनाघ. "बर्बर" हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, ते स्वतःला इमाझिघेन म्हणवतात.

तेरणाकाठ

धागा वाचतोय दोन दिवस. ट्रेकविषयी मला काही विचारायचं नाही. २०२३ च्या भूकंपानंतर तिथली गावं कशी आहेत ते सांगाल का?

मी किल्लारीजवळचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला घर आलं अंगावर. आमच्याकडे दगडाच्या जाड भिंती, मातीचा गिलावा आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार घर. तेच माळवद घात करून गेलं. सिमेंटचा स्लॅब पडला तर कोपऱ्यात पोकळी राहते, माती पडली की ती नाकातोंडात जाते. टीव्हीवर ॲटलासची पडलेली घरं दाखवली तेव्हा मी बायकोला म्हटलं, हे आपलंच गाव आहे.

कातळवाट

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

८ सप्टेंबर २०२३, रात्री ११ वाजून ११ मिनिटं, ६.८ तीव्रता. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, सगळ्यात जास्त अल हाऊझ प्रांतात, म्हणजे ह्याच डोंगरांत. घरं तुम्ही म्हणता तशीच : दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी वासे, बोरू आणि मातीचा थर. बाराव्या शतकातली तिनमेलची मशीदही ढासळली. आम्ही चाललो त्या वाटेवर पडक्या भिंती अजून दिसतात, त्यांच्या शेजारी राखी विटांची नवी घरं उभी राहतायत, काही गावांच्या कडेला तंबू आणि पत्र्याच्या खोल्या होत्या.

आमचा खेचरवाला अरमदचा. शेवटच्या दिवशी उतरताना त्याने घरी चहाला नेलं. जुन्या घराचा निम्मा भाग पडलेला, त्याचेच दगड वेगळे रचून ठेवलेले, आणि बाजूला सिमेंटची एक खोली. खोलीला दार नवीन होतं, निळं, पण त्याची कडी जुन्या घराची काढून बसवली होती. त्याची आई त्या कडीला हात लावून काहीतरी सांगत होती. वाटाड्याने भाषांतर केलं : ही कडी माझ्या सासऱ्याने केली, ही पडली नाही.

त्या दारापुढे आम्ही सगळ्यांचा फोटो काढला. मुलाच्या फोनवर लगेच पाठवला. आई म्हणाल्या, फोनमध्ये नको, कागदावर दे.

तेरणाकाठ

आमच्या नव्या घराला जुन्या वाड्याची चौकट आहे. लिहिल्याबद्दल आभार.

निवांत

वाळवंटाची वाट बघतोय! मर्राकेशहून दोन दिवसांची झागोरा सहल स्वस्तात मिळते, तीन दिवसांत मर्झूगाही. त्यापेक्षा चार दिवस चालण्यात काय विशेष?

कातळवाट

दोन दिवसांच्या झागोरा सहलीत मोठ्या टेकड्यांपर्यंत तुम्ही पोचतच नाही. मर्झूगाचा एर्ग शेब्बी (एर्ग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा पट्टा) खरोखर देखणा आहे, दीडशे मीटरपर्यंत उंच टेकड्या, पण मर्राकेशहून साडेपाचशे किलोमीटर. तीन दिवसांपैकी बहुतेक वेळ गाडीत जातो आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत हॉटेलं आहेत. वेळच तेवढा असेल तर जरूर जा. चालायचं असेल तर म्हामिद.

२२६० मीटरची तिझी न'तिश्का ओलांडून वारझाझात, मग द्रा नदीच्या काठाने खजुराच्या बागांतून झागोरा आणि शेवटी म्हामिद, जिथे डांबरी रस्ता संपतो. पूर्ण दिवस जातो. ऑक्टोबरात खजुराची तोडणी चालू असते, रस्त्याकडेला पेट्याच पेट्या. द्रा मोरोक्कोतली सगळ्यात लांब नदी, आणि म्हामिदच्या पुढे तिचं पात्र बहुतेक काळ कोरडंच.

सहारा म्हणजे नुसती वाळू, हा समज पहिल्या दिवशी गळून पडतो. एकूण सहाराचा साधारण चौथा भागच वाळूचा आहे. आम्ही काळ्या खड्यांच्या सपाटीवरून चाललो, कोरड्या पात्रातल्या झाऊच्या झुडपांतून चाललो, आणि मग शगागाच्या टेकड्या आल्या. सामान उंटांवर, आपण पायी. सकाळी साडेसातला निघायचं, अकरा-साडेअकराला बाभळीच्या सावलीत थांबायचं, तीननंतर पुन्हा दोन तास. दिवसाला १५ ते १८ किलोमीटर. वाळूत पायाचा पंजा आधी टेकवायचा आणि पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायचं, नाहीतर पोटऱ्या भरून येतात.

रात्री उंटांचे पुढचे दोन पाय आखूड दोरीने एकमेकांना सैल बांधतात आणि सोडून देतात. छोटी-छोटी पावलं टाकत ते रात्रभर चरतात. दुसऱ्या पहाटे मी उंटवाल्याबरोबर त्यांना शोधायला गेलो. वाळूवर रात्रीचा सगळा वृत्तांत लिहिलेला : हा उंदीर, हा कोल्हा, हा भुंगेरा. उंटाच्या पावलांपाशी तो वाकला, पाऊलखुणेच्या कडेला बोट लावलं आणि म्हणाला, हा पहाटेनंतर गेलाय, कड अजून ढासळलेली नाही. वीस मिनिटांत तीनही उंट सापडले. एका झुडपाला तोंड लावून उभे होते.

भाकरी तिथे वाळूत भाजतात. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूवर जाड भाकरी ठेवायची, वर गरम वाळू, वर निखारे. अर्ध्या तासाने काढून कापडाने झटकतात, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात. एक कणही दाताखाली येत नाही. मी चारही दिवस निरखून पाहिलं, वाळू चिकटत कशी नाही; सगळं पीठ घट्ट मळण्यातच आहे, असं उंटवाल्याने दाखवलं.

परत येताना गाडीने इरिकी तळ्यातून आलो. दशकानुदशकं कोरडं असलेलं तळं, सप्टेंबर २०२४ च्या पावसात भरलं होतं. आम्हाला दिसला तो भेगाळलेला चिखल. वाटाड्या तिथे पाण्यात पाय बुडवून उभा राहिल्याचा स्वतःचा फोटो दाखवत होता. आजोबांनी सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली, म्हणाला.

आणि पावसाचे ढग असले की कोरड्या पात्रात तंबू नाही. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं. ह्यात वाटाड्याशी वाद घालू नका.

रानपाखरू

वा! उंटांच्या खुणांचं वाचून पुन्हा जावंसं वाटतंय.

रात्रीची थंडी कुणी लिहिली नाही. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटात पहाटे पाणी गोठण्याइतकं गार होतं. चांगली स्लीपिंग बॅग न्या. आणि तिथला सुती फेटा (शेश) बाजारात विकत घ्या, उन्हाला टोपीपेक्षा दसपट बरा, वारा सुटला की नाकातोंडावर ओढता येतो.

पन्नाशीपार

वय ६१, गुडघे बरे आहेत, दर महिन्याला एक किल्ला होतो. खेचरांबद्दल मनात शंका आहे. आपलं ओझं जनावरावर लादायचं हे पटत नाही. आणि कागदपत्रांचं काय?

कातळवाट

काका, तुमचा प्रश्न मलाही पडला होता. माणशी १५ किलोच्या वर सामान देऊ नका, आणि पहिल्या सकाळी खेचराच्या पाठीवर, खोगिराच्या कडेला जखम नाही ना ते स्वतः बघा. असेल तर जनावर बदला म्हणा, वाटाड्याला राग येत नाही. पण खेचर नकोच म्हटलं तर त्या घराची रोजी जाते. इमलीलच्या वरच्या गावांना खेचर हीच मालगाडी आहे, भूकंपानंतर रस्ते बंद होते तेव्हा वरच्या वस्त्यांना पीठ आणि ब्लँकेटं खेचरांनीच पोचवली.

आणि खेचरवाल्याला, आचाऱ्याला मोबदला वेगवेगळा किती जातो ते ठरवतानाच विचारा. सगळ्यात जास्त चालतो तो आणि सगळ्यात कमी मिळतो त्याला. बक्षिसी शेवटी प्रत्येकाच्या हातात द्या, गठ्ठा एकाच्या हातात नको.

कागदपत्रं : भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, छापील प्रत जवळ ठेवा. आखातात विमान बदलून कासाब्लांका, तिथून मर्राकेशला ट्रेन आहे, तीन तासांच्या आत. दिरहम देशाबाहेर नीट मिळत नाहीत, तिथे उतरून एटीएममधून काढा. डोंगरात रोखच चालते. ड्रोन नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सॅटेलाइट फोन किंवा तसं मेसेंजर यंत्र तर आपल्या देशातच परवानगीशिवाय बाळगता येत नाही, मुंबईलाच अडचण होईल. घड्याळ साडेचार तास मागे. रमजान बघून तारखा ठरवा, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. रमजानात वाटाडे उपाशीपोटी चालतात, आणि आपण त्यांच्यासमोर पाणी पितो, ते मला तरी जमलं नसतं.

तुमच्या वयाला वळसा सात ऐवजी आठ दिवसांत करा, इफ्नी तळ्यावर एक दिवस जास्त.

वैद्य_सह्याद्री

आणि निघण्याआधी हृदयाची तपासणी आणि बचावासह प्रवास विमा, काका. विम्यात "किती मीटरपर्यंत" ही ओळ शोधून वाचा. पुष्कळ विमे तीन हजार मीटरवर थांबतात.

ठाणेकरीण

मंडळी, ठरलं! सगळं वाचून चौघींची बैठक झाली. एप्रिलचा तिसरा आठवडा. तुबकालचा माथा आम्ही सोडून दिला. बर्फावर चालायला शिकलेलो नाही आणि तेवढ्यासाठी कुणाचा जीव टांगणीला नको. इमलील, तामातर्तची खिंड, तशद्दिर्त, अरमद असं पाच दिवस गावागावांतून, सगळं अडीच हजार मीटरच्या खाली, मग म्हामिद. ताबांतला शिकलेला वाटाड्या मिळालाय, त्याने कार्डाचा फोटो न मागता पाठवला. घरच्यांना रानपाखरूचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग तयार झाले.

कातळवाट

फार आनंद झाला. अरमदला मुक्काम आहेच, तर एक काम सांगू का? तो दारापुढचा फोटो मी छापून घेतो, तुम्ही न्याल? पोस्टाने पाठवायला त्यांच्याकडे धड पत्ता नाही.

ठाणेकरीण

नेणार म्हणजे काय, हातात देणार! मोठा छापा, आईंना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे. आणि प्लॅस्टिकचं आवरण घाला, चुलीच्या खोलीत लावला तर धूर बसेल. घर कुठलं ते इथे लिहू नका, व्यनि करा.

तेरणाकाठ

ताई, मीही काहीतरी देईन म्हणतो. आमच्याकडची एक घोंगडी. जड होईल का?

ठाणेकरीण

होऊ द्या जड. माझे १५ किलो मी भरत नाहीये.

कातळवाट

बुधवारी कामासाठी ठाण्यात येतोय. तेरणाकाठ, मंगळवारपर्यंत पुण्यात घोंगडी पोचली तर दोन्ही एकदमच घेऊन येतो. व्यनि केलाय.